रुग्णालयाच्या भिंतींबाहेर: 'सेंट जॉन ऑफ गॉड' ही कॅथलिक संस्था समाजात नेमकं काय काम करते?

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चचा पडका मनोरा पाहायला येणारे बहुतेक पर्यटक फोटो काढतात आणि परत फिरतात. त्याच टेकडीवर, मनोऱ्यापासून थोड्याच अंतरावर, आणखी एक जुनी वास्तू आहे. ती म्हणजे सेंट जॉन ऑफ गॉड यांच्या नावाचा मठ. १६८५ मध्ये तो उभा राहिला तेव्हा तिथल्या ब्रदरांचं मुख्य काम आजाऱ्यांची शुश्रूषा करणं हे होतं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले धर्मसंघ बंद केले आणि ब्रदर निघून गेले. विसाव्या शतकात वास्तूची पुन्हा बांधणी झाली आणि पुढे तिथे दुसऱ्या संघाच्या सिस्टर वृद्धाश्रम चालवू लागल्या.

गोव्यातून गेलेला हा ब्रदरांचा संघ मात्र जगाच्या पाठीवर संपलेला नाही. आज सुमारे ५० देशांत त्याचं काम चालतं. एकेकाळी हे काम म्हणजे प्रामुख्याने रुग्णालयं आणि मनोरुग्णालयं होती. गेल्या काही दशकांत त्यातला मोठा भाग भिंतींबाहेर आला आहे. मलावीतल्या खेड्यांमधली मानसोपचार केंद्रं, आयर्लंडमधली चार-पाच जणांची छोटी घरं, लंडनमधल्या बेघरांसाठीचा निवारा ही त्याची काही उदाहरणं.

या प्रकल्पांनी हजारो लोकांचं आयुष्य सोपं केलं. याच संस्थेच्या काही शाखांमध्ये मुलांवर भयंकर अत्याचारही झाले. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय धर्मादाय आरोग्यसेवा कशी चालते हे कळत नाही.

ही संस्था नेमकी कोणती?

संस्थेचं पूर्ण नाव 'हॉस्पिटलर ऑर्डर ऑफ सेंट जॉन ऑफ गॉड'. हा कॅथलिक पुरुषांचा धर्मसंघ आहे. यातले बहुतेक सदस्य धर्मगुरू नसतात, त्यांना 'ब्रदर' म्हणतात. कॅथलिक संघांमध्ये सहसा तीन व्रतं घेतली जातात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. या संघात चौथं व्रत असतं आतिथ्याचं. आजारी आणि निराधार माणसाला पाहुण्यासारखं वागवायचं, असा त्याचा अर्थ.

नावावरून बराच गोंधळ होतो, म्हणून काही फरक आधीच लक्षात घेतलेले बरे.

• सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या प्रथमोपचार शिकवणाऱ्या संस्थेचा या संघाशी संबंध नाही. तिचा वारसा मध्ययुगातल्या जेरुसलेमच्या सरदारांकडे जातो.
• ऑस्ट्रेलियातली 'सेंट जॉन ऑफ गॉड हेल्थ केअर' ही मोठी रुग्णालय साखळी सिस्टरांच्या वेगळ्या संघातून उभी राहिली. तो संघ १८७१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्डमध्ये स्थापन झाला.
• ब्राझीलमध्ये 'जॉन ऑफ गॉड' या नावाने प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे लैंगिक अत्याचारांसाठी शिक्षा झालेल्या बाबाचाही या संघाशी काही संबंध नाही.

ब्रदरांची संख्या आता कमी झाली आहे. जगभरात मिळून ती हजाराच्या आसपास आहे. त्यामुळे रोजचं काम करतात ते पगारी डॉक्टर, नर्स, समाजसेवक आणि व्यवस्थापक. त्यांच्यात वेगवेगळ्या धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारे लोकही असतात.

सुरुवात कशी झाली?

या संघाचा मूळपुरुष स्वतः मनोरुग्णालयातला रुग्ण होता.

जुआंव सिदाद यांचा जन्म १४९५ मध्ये पोर्तुगालमधल्या मोंतेमोर-ओ-नोवो इथे झाला. त्यांनी मेंढपाळाचं काम केलं, सैन्यात लढाया पाहिल्या आणि अखेर स्पेनमधल्या ग्रॅनडा शहरात पुस्तकांचं छोटं दुकान टाकलं. त्यांचं आयुष्य बदललं ते जॉन ऑफ अविला या प्रसिद्ध धर्मोपदेशकाचं प्रवचन ऐकून. त्यांनी पुस्तकं वाटून टाकली आणि कपडे फाडून, ओरडत रस्त्यांवरून फिरू लागले. लोकांनी त्यांना वेडा ठरवून ग्रॅनडाच्या राजेशाही रुग्णालयात नेलं.

त्या काळी वेडावरचा उपचार म्हणजे बांधून ठेवणं आणि फटके मारणं. जुआंव यांच्याही वाट्याला ते आलं. शेजारच्या रुग्णांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. बाहेर पडल्यावर त्यांनी ग्रॅनडात आजारी आणि बेघर लोकांसाठी घर उघडलं. रात्री पाठीवर टोपली घेऊन ते दारोदार भीक मागत. 'बंधूंनो, स्वतःचं भलं करा,' अशी त्यांची हाक असे. देणाऱ्याचंही कल्याण होतं, असा त्यामागचा विचार. याच हाकेवरून इटलीत या संघाला 'फातेबेनेफ्रातेल्ली' हे नाव पडलं आणि ते आजही चालतं.

१५५० मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या सोबत्यांनी काम पुढे नेलं, सोळाव्या शतकातच पोपने संघाला मान्यता दिली आणि १६९० मध्ये जुआंव यांना संतपद मिळालं. कॅथलिक परंपरेत ते रुग्णालयं, रुग्ण, परिचारिका आणि पुस्तक विक्रेते यांचे आश्रयदाते संत मानले जातात.

पुढची साडेतीन-चार शतकं या संघाची ओळख म्हणजे भिंतींच्या आतली सेवा. रोममध्ये तिबेर नदीच्या बेटावरचं त्यांचं रुग्णालय सोळाव्या शतकात सुरू झालं. या भिंतींनी माणसं वाचवलीही. १९४३ मध्ये नाझी सैन्य रोममधल्या ज्यूंना पकडत होतं, तेव्हा तिथले डॉक्टर जोव्हान्नी बोर्रोमेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यू कुटुंबांना रुग्ण म्हणून दाखल करून घेतलं. केसपेपरवर 'के सिंड्रोम' नावाचा, अस्तित्वातच नसलेला संसर्गजन्य आजार लिहिला. झडतीला आलेले सैनिक संसर्गाच्या भीतीने त्या वॉर्डात गेले नाहीत, असं सांगितलं जातं. बोर्रोमेओ यांचा इस्रायलने मरणोत्तर गौरव केला.

मग भिंतींबाहेर जायची गरज का पडली?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात मानसिक आजार किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाला शहराबाहेरच्या मोठ्या संस्थेत ठेवणं ही सरळ रीत होती. १९५० च्या दशकात आयर्लंडमध्ये २० हजारांहून अधिक लोक मनोरुग्णालयांमध्ये होते. लोकसंख्येच्या प्रमाणात हा आकडा जगात सर्वांत जास्त होता. अनेकांना तिथे उपचारांची गरजच नव्हती. घरच्यांना नकोसे झाले होते, म्हणून ते तिथे होते.

१९५० च्या दशकातच मनोविकारांवर नवी औषधं आली आणि अनेक रुग्ण घरी राहून बरे होऊ शकतात हे दिसू लागलं. दुसरीकडे बंद संस्थांमधले हाल बाहेर येऊ लागले. इटलीने १९७८ मध्ये कायदा करून मनोरुग्णालयांत नवे रुग्ण भरती करणं थांबवलं आणि त्याऐवजी वस्तीपातळीवर सेवा उभारायचं ठरवलं. इतर देशही कमी-अधिक वेगाने त्याच वाटेने गेले.

'समुदाय प्रकल्प' हा शब्द इथून रूढ झाला. त्याचा साधा अर्थ असा: माणसाला उचलून सेवेकडे न्यायचं नाही, सेवा माणसाकडे न्यायची. त्याने आपल्या घरी, आपल्या गल्लीत, आपल्या माणसांत राहावं आणि नर्स, औषध, सल्ला, कामाचं प्रशिक्षण या गोष्टी त्याच्या आवाक्यात याव्यात.

शतकानुशतकं रुग्णालयं चालवणाऱ्या संघासाठी हा बदल सोपा नव्हता. इमारत, खाटा, जमीन ही त्यांची ताकद होती. आता तीच जुनी झाली होती.

मलावीत काय केलं?

भिंती नसताना सेवा कशी उभी राहते, हे पाहायला आफ्रिकेतल्या मलावी देशात जावं लागतं.

उत्तर मलावीतल्या मझुझू शहरात या संघाच्या आयरिश शाखेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताच्या निमंत्रणावरून, मानसोपचार सेवा सुरू केली. देशातलं सरकारी मनोरुग्णालय झोम्बा शहरात होतं. झोम्बा दक्षिणेला आणि मझुझू उत्तरेला, मध्ये रस्त्याने सहाशेहून अधिक किलोमीटरचं अंतर. मनोविकारतज्ज्ञ तर अख्ख्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घरातला तरुण अचानक भास झाल्यासारखं बोलू लागला, तर शेतकरी कुटुंबापुढे दोनच वाटा असायच्या. पारंपरिक वैदू किंवा घरात बांधून ठेवणं.

मझुझूत आधी मोठं रुग्णालय बांधलं नाही. सुरुवात झाली ती सामुदायिक सेवेपासून. प्रशिक्षित नर्स ठरलेल्या दिवशी गावोगावच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाणार आणि तिथेच रुग्णांना तपासणार, अशी ही पद्धत. भरती करून घ्यायची सोयही झाली, पण संख्येने मोजक्या खाटांची आणि थोड्या दिवसांसाठी.

अशा फिरत्या केंद्रात काय होतं? मानसिक आजाराच्या रुग्णांसोबत अपस्माराचे, म्हणजे फिट येणारे, रुग्णही येतात. आफ्रिकेतल्या अनेक देशांत या आजाराचे उपचार मानसोपचार नर्सच करतात. रोज गोळी घेणं ज्यांना जमत नाही, त्यांना महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन देता येतं. रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही, तर कोणीतरी घरी जाऊन चौकशी करायची असते. हे शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं. मानसिक आजारात औषध मध्येच सुटणं हे आजार उलटण्याचं मोठं कारण असतं.

मझुझूत बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू झाला. बरं होत आलेल्या रुग्णांना कामाचं प्रशिक्षण मिळू लागलं, समुपदेशनाची सोय झाली. पुढे संस्थेने आरोग्य विज्ञानाचं महाविद्यालयही काढलं. बाहेरून डॉक्टर आणून किती दिवस चालणार? स्थानिक नर्स आणि क्लिनिकल ऑफिसर तयार झाले, तरच सेवा टिकणार होती. क्लिनिकल ऑफिसर म्हणजे डॉक्टरांच्या तुटवड्यामुळे बरीच वैद्यकीय कामं करणारे प्रशिक्षित कर्मचारी.

या मॉडेलची कमकुवत बाजूही आहे. परदेशी देणग्या आटल्या तर काय, हा प्रश्न कायम डोक्यावर असतो. संस्थेचं काम चांगलं चाललं की सरकारही 'तिकडे सोय आहेच' म्हणून स्वतःची जबाबदारी पुढे ढकलू शकतं.

आयर्लंडमध्ये पैसा सरकारचा, सेवा संस्थेची

श्रीमंत देशात चित्र वेगळं दिसतं. आयर्लंडमध्ये संघाचं मनोरुग्णालय डब्लिनजवळच्या स्टिलऑर्गन इथे १८८२ मध्ये सुरू झालं. आज मात्र तिथल्या कामाचा मोठा भाग बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुला-माणसांच्या सेवांचा आहे. विशेष शाळा, दिवसभराची केंद्रं, निवासाची सोय आणि डब्लिनच्या एका भागासाठी वस्तीपातळीवरची मानसोपचार सेवा असं त्याचं स्वरूप आहे.

या कामाचा खर्च मुख्यतः सरकार करतं. तिथल्या आरोग्य कायद्याच्या कलम ३८ नुसार सरकारी आरोग्य यंत्रणा संस्थेशी करार करते. पैसा करदात्यांचा आणि सेवा संस्थेची, अशी ही रचना. आपल्याकडच्या अनुदानित शाळांची रचना ज्यांना माहीत आहे, त्यांना हे लगेच समजेल.

२०११ मध्ये आयर्लंडमध्ये एक महत्त्वाचा सरकारी अहवाल आला. अपंगत्व असलेले दहा किंवा त्याहून अधिक लोक जिथे एकत्र ठेवले जातात, अशा निवासी संस्था बंद करायच्या आणि तिथल्या माणसांना सामान्य वस्तीतल्या घरांमध्ये हलवायचं, असं त्यात सुचवलं होतं. तेव्हा देशात चार हजारांहून अधिक लोक अशा संस्थांमध्ये राहत होते. सात वर्षांत हे काम पूर्ण करायचं लक्ष्य होतं. ते गाठता आलं नाही.

का? कारण घर बदलणं म्हणजे फक्त सामान हलवणं नव्हे. तीस-चाळीस वर्षं एकाच आवारात राहिलेल्या माणसाला स्वतःच्या खोलीची किल्ली मिळते, आज काय खायचं हे विचारलं जातं, तेव्हा त्यालाही त्याची सवय करावी लागते. शेजाऱ्यांचा विरोध होतो. चार जणांच्या घरालाही रात्रीचा कर्मचारी लागतो, त्यामुळे माणशी खर्च वाढतो. वृद्ध आई-वडिलांना भीती असते की मोठी संस्था गेली तर आपल्यामागे मुलाचं काय होणार.

पैशांवरून संस्थेवर टीकाही झाली. वरिष्ठ अधिकाऱ्यांना गाजावाजा न करता लाखो युरोंची जादा रक्कम दिली गेल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. अपंगत्व सेवांसाठी पैसा अपुरा असल्याचं सांगितलं जात असताना हे झाल्यामुळे संताप उसळला आणि सरकारी यंत्रणेने चौकशी केली. त्यानंतर २०२० मध्ये उलट बाजू दिसली. वाढत्या तुटीचं कारण देत संस्थेने सेवा सरकारकडे सोपवण्याची नोटीस दिली. हजारो कुटुंबांचा जीव टांगणीला लागला. वाटाघाटी झाल्या आणि सेवा सुरू राहिल्या. पण करारावर चालणारी सेवा किती नाजूक असते, हे सर्वांना दिसलं.

लंडनचा निवारा आणि केरळचं कट्टप्पना

लंडनमध्ये या संघाने 'ओलायो हाउस' नावाचा निवारा चालवला. एकोणिसाव्या शतकात क्युबात काम केलेल्या ओलायो वाल्देस या ब्रदरांचं नाव त्याला दिलं होतं. पूर्व युरोपातून कामाच्या शोधात आलेले आणि रस्त्यावर पोहोचलेले लोक, तसंच मानवी तस्करीतून सुटलेले लोक इथे राहायचे. अशा ठिकाणी खाट मिळणं ही पहिली पायरी. कागदपत्रं, भाषा, व्यसनमुक्ती, काम किंवा मायदेशी परतण्याची सोय हे त्यानंतर येतं.

भारतात हा संघ पुन्हा आला तो गोव्यात नव्हे, केरळमध्ये. १९६९ मध्ये ब्रदर फोर्तुनातुस थानहॉयझर हे जर्मन ब्रदर इडुक्की जिल्ह्यातल्या कट्टप्पना इथे पोहोचले. वेलची आणि मिरीच्या बागांचा हा डोंगराळ भाग. मैदानी केरळमधून जमिनीच्या शोधात आलेली कुटुंबं तिथे स्थायिक झाली होती, पण आरोग्याच्या सोयी जवळपास नव्हत्या. तिथे सेंट जॉन्स रुग्णालय उभं राहिलं, परिचारिका प्रशिक्षण सुरू झालं, मानसिक आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी निवास झाले आणि गरीब कुटुंबांना घरं बांधायला मदत मिळाली. १९७७ मध्ये त्यांनी सिस्टरांचा एक वेगळा संघही स्थापन केला. २००५ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे त्यांना संतपद देण्याची प्रक्रिया चर्चने सुरू केली.

कट्टप्पनातून एक गोष्ट लक्षात येते. जिथे साधा दवाखानाही नाही, तिथे आधी भिंती उभाराव्याच लागतात. भिंतींबाहेर जाण्याची चर्चा त्यानंतरची.

इबोलाने काय शिकवलं?

२०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियातलं सेंट जोसेफ रुग्णालय आणि सिएरा लिओनमधल्या लुन्सारचं रुग्णालय ही दोन्ही या संघाची. साथ वाढली तशी अनेक आरोग्य केंद्रं बंद पडत होती. या दोन ठिकाणी रुग्ण येत राहिले.

इबोला पसरतो तो रुग्णाच्या शरीरातल्या द्रवांच्या संपर्कातून. म्हणजे जो सर्वांत जवळून शुश्रूषा करतो, त्यालाच सर्वाधिक धोका. मन्रोव्हियातल्या रुग्णालयाचे संचालक ब्रदर पॅट्रिक नशाम्झे आजारी पडले. त्यांची पहिली चाचणी निगेटिव्ह आली, त्यामुळे सहकाऱ्यांनी त्यांची नेहमीसारखीच सेवा केली. प्रत्यक्षात तो इबोलाच होता. २ ऑगस्टला ते गेले आणि पाठोपाठ त्यांची शुश्रूषा करणारे काही जणही. स्पॅनिश धर्मगुरू मिगेल पाहारेस यांना विमानाने माद्रिदला नेण्यात आलं. या साथीत उपचारांसाठी युरोपात आणलेले ते पहिले इबोला रुग्ण. १२ ऑगस्टला त्यांचा मृत्यू झाला. लुन्सारचे डॉक्टर ब्रदर मानुएल गार्सिया विएहो यांचाही २५ सप्टेंबरला माद्रिदमध्येच मृत्यू झाला. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्स तेरेसा रोमेरो यांना संसर्ग झाला. या साथीत आफ्रिकेबाहेर इबोलाची लागण झालेल्या त्या पहिल्या व्यक्ती. त्या बऱ्या झाल्या.

या संघाचे चार ब्रदर, एक सिस्टर आणि अनेक स्थानिक कर्मचारी या साथीत दगावले. बातम्या स्पॅनिश धर्मगुरूंच्या झाल्या. मेलेल्यांमध्ये मोठा वाटा मात्र आफ्रिकन नर्स आणि तंत्रज्ञांचा होता, ज्यांच्यासाठी विमान आलं नाही. सेवाभाव कितीही मोठा असला, तरी हातमोजे, चाचण्या आणि विलगीकरणाची जागा यांची भरपाई तो करू शकत नाही. पुढे रुग्णालयं पुन्हा सुरू करताना कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि संरक्षक साधनं यांना आधी स्थान द्यावं लागलं.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया: इतिहासातलं काळं पान

ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने २०१७ मध्ये आकडे जाहीर केले. १९५० ते २०१० या काळात कोणत्या कॅथलिक संघातल्या किती सदस्यांवर आरोप झाले, याची ती मोजणी होती. सेंट जॉन ऑफ गॉड ब्रदरांच्या संघात हे प्रमाण सुमारे ४० टक्के होतं. इतर कोणत्याही संघापेक्षा जास्त. हा आकडा आरोपांचा आहे, सिद्ध झालेल्या गुन्ह्यांचा नाही, आणि तिथला संघ छोटा होता. तरीही आकडा हादरवणारा आहे.

न्यूझीलंडमधल्या चौकशी आयोगाने तर या संघाच्या क्राइस्टचर्चमधल्या कामावर २०२३ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला. तिथल्या मेरीलँड्स या निवासी शाळेत अपंगत्व असलेली आणि शिकण्यात अडचणी असलेली मुलं राहत होती. शाळेत काम केलेल्या ब्रदरांपैकी निम्म्याहून अधिक जणांवर आरोप झाले होते.

या अहवालात आणखी एका ठिकाणाचं नाव आहे: हेब्रॉन ट्रस्ट. ही बंद संस्था नव्हती. रस्त्यावर भटकणाऱ्या, घर सुटलेल्या मुलांसाठीचा तो खुला उपक्रम होता. आजच्या भाषेत समुदाय प्रकल्पच. अत्याचार तिथेही झाले.

म्हणजे मोठी इमारत पाडली आणि काम गल्लीत आणलं की माणूस आपोआप सुरक्षित होत नाही. ज्याच्याकडे जायला दुसरी जागा नाही, ज्याच्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवत नाही, त्याच्यावर दुसऱ्याची पूर्ण सत्ता असेल, तर धोका भिंतींच्या आत असतो आणि बाहेरही. संघाच्या प्रतिष्ठेमुळे मुलांच्या तक्रारी वर्षानुवर्षं दाबल्या गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी सरकारी आणि धार्मिक संस्थांमधल्या सर्व पीडितांची संसदेत जाहीर माफी मागितली.

महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बरे झालेले, पण घरचे न्यायला येत नाहीत असे रुग्ण हा इथलाही जुना प्रश्न. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला. केवळ घर नाही किंवा घरच्यांनी स्वीकारलं नाही म्हणून तिला रुग्णालयात ठेवता येत नाही. त्यासाठी मधल्या टप्प्याची निवासगृहं, म्हणजे हाफवे होम, उभारणं ही सरकारची जबाबदारी आहे.

प्रत्यक्षात काय घडलं? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला सुनावलं. बरे झालेले रुग्ण भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणं थांबवा, असं न्यायालयाने सांगितलं. भिंत बदलली होती, माणूस भिंतीआडच राहिला होता.

एखादा प्रकल्प चांगला आहे हे ओळखायचं कसं?

संस्था धार्मिक असो, सरकारी असो किंवा खासगी, वरच्या उदाहरणांवरून काही प्रश्न तयार होतात. देणगी देण्याआधी किंवा घरातल्या माणसाला एखाद्या संस्थेच्या हाती सोपवण्याआधी ते विचारता येतात.

• तक्रार कुठे करायची? संस्थेबाहेरच्या कोणाकडे तरी तक्रार करता येते का? बोलू न शकणाऱ्या किंवा अपंगत्व असलेल्या माणसाच्या वतीने कोण बोलतं?
• तपासणी कोण करतं? अचानक भेट देणारी स्वतंत्र यंत्रणा आहे का? तिचे अहवाल लोकांना वाचता येतात का?
• पैसा कुठून येतो आणि कुठे जातो? एकाच देणगीदारावर किंवा एकाच करारावर सगळं अवलंबून आहे का? वरिष्ठांचे पगार जाहीर होतात का?
• कर्मचारी सुरक्षित आहेत का? त्यांना प्रशिक्षण, साधनं आणि पुरेशी विश्रांती मिळते का?
• स्थानिक लोक तयार होत आहेत का? संस्था उद्या निघून गेली, तर सेवा चालू राहील का?
• धर्माची अट आहे का? सेवा मिळण्यासाठी प्रार्थनेला बसावं लागतं का, की गरज एवढाच निकष आहे?
• निर्णय कोणाचा? किती वाजता झोपायचं, काय खायचं, कोणाला भेटायचं हे ज्याला सेवा मिळते तो ठरवतो का?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत साधा वाटतो, पण आयर्लंडमधल्या छोट्या घरांचा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच चालला आहे. आपल्याकडे हाफवे होम उभी राहतील तेव्हा खाटांची संख्या सरकारी अहवालात येईलच. तिथे राहणाऱ्याच्या हातात स्वतःच्या खोलीची किल्ली आहे का, हे मात्र कोणीतरी जाऊन विचारावं लागेल.